कोपरखळी

३ मार्च
आज जिभेचा तोल गेला! शिंप्यानं शिवलेला नवा सदरा घालून वाचनालयात गेलो. तोही होता. उजवी बाही डावीपेक्षा चार बोटं आखूड. चारचौघांसमोर दोन्ही हात पुढे केले — "बघा आमच्या दोस्ताची कला! डावी बाही अजून नोकरीत, उजवी निवृत्त!" सगळे खो-खो हसले. शिंपी हसला नाही. काठी घेतली नि निघून गेला.
साठ वर्षांची मैत्री!

४ मार्च
तो वाचनालयात आला नाही. सून म्हणाली, "बाबा, टोमणा मारलात तुम्ही."
"टोमणा कसला? साधी कोपरखळी!"
"ते मारणाऱ्यानं नाही ठरवायचं."
ही पोरगी वकील व्हायची, चुकून आमच्या घरात आली.

५ मार्च
कोश काढला. कोपरखळी — कोपरानं दिलेला हलका धक्का. त्यावरून, सौम्य टीका. बराच वेळ त्या ओळीपाशीच बसलो. कोपर लागतं कुणाला? शेजारच्याला! शाळेत आम्ही एका बाकावर. मी खिडकीतून ढग बघत कविता पुटपुटायचो, तो बरगडीत कोपर द्यायचा. वर्गाला पत्ताही नसे. मी मात्र समोर उभा राहून, चार लोकांना हसवायला बोललो. कानपिचक्या म्हणाव्यात, तर त्या वडीलधाऱ्यांनी द्यायच्या. म्हणजे टोमणाच.
सून जिंकली.

६ मार्च
आजही नाही.

७ मार्च
दुकानाला कुलूप. शेजारचा न्हावी म्हणाला, "तुम्हाला ठाऊक नाही? डोळ्यांचा पडदा गेलाय त्यांचा. दोन महिने हातानं चाचपूनच कापड बेतत होते. सुई लेक ओवून द्यायची. तुमचा सदरा शेवटचा."
घरी आलो. जेवण गेलं नाही.

८ मार्च
त्याच्या घरी गेलो. "चुकलो रे."
"माप माझंच चुकलं," तो म्हणाला. "पण लोकांत कशाला बोललास? मला एकट्याला सांगायचंस."
"हो."
"बरं, आता तोंड पाडू नकोस. कविता म्हण एखादी. ऐकायला कान आहेत अजून."
चौथीतली नदीची म्हटली. डोळे मिटून, चालीवर! संपल्यावर तो माझ्या कानाशी वाकला. मग अगदी हळू — लेकीलाही ऐकू जाणार नाही असं — "तिसरं कडवं दोनदा झालं. कवीला विचारलं होतंस ना?"
पोट धरून हसलो. वाटेत मात्र हसू ओसरलं. दोनदा? कधी?

९ मार्च
सुनेला विचारलं. तिनं हातातली भाजी खाली ठेवली. "वर्ष झालं, बाबा. दर वेळी होतं. आमच्यानं सांगवलं नाही."