क्षमता वाढवली आहे

सोमवार, ९ मार्च, सकाळी १०.१०
नोंदणीचं पान पुन्हा झोपलं. रिसेप्शनवरच्या बाईंनी फोनवरून दुजोरा दिला. त्यांच्या शब्दांत, साहेब, ते नुसतं गोल गोल फिरतंय. गोल गोल! अकरा वर्षं डोळ्यांच्या हॉस्पिटलात काढली, पण पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायचं म्हटलं की बाईंच्या कपाळावर आठ्या.
शनिवारी सकाळी आठला मोतीबिंदूच्या ऑपरेशनची सहामाही नोंदणी उघडते. जागा सहाशे, धडकणारे हजारो. गेल्या खेपेला आठ वाजून दोन मिनिटांनी पानाने मान टाकली. चूक लोकांची. सगळ्यांनी एकदम कशाला यायचं?
यंदा सर्व्हर नवा आहे. शिवाय मी आहे.

११.३०
दुखणं सापडलं. सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एका वेळी जास्तीत जास्त किती हात कामाला लावायचे त्याचा आकडा आहे. तिथे दीडशे! दीडशेचे दीड हजार केले. सर्व्हर बंद करून चालू. संचालकांना मेल: क्षमता वाढवली आहे. उत्तर आलं: छान. या गृहस्थांना सर्व्हर आणि पंखा यांतला फरक कळत नाही. दोन्हींतून वारा येतो, एवढीच माहिती.

संध्याकाळी
ही म्हणाली, आईला आता दार कोणी उघडलं तेही दिसत नाही, गेल्या वेळी तुमच्याच पानाने घात केला, मी दुसऱ्या हॉस्पिटलात विचारून ठेवू का? मी म्हणालो, घरात सर्व्हर विभागाचा प्रमुख बसलेला असताना? ही म्हणाली, म्हणून तर विचारतेय. सासूबाई म्हणाल्या, राहू दे गं, जावईबापू आहेत ना. हे त्या कपाटाकडे बघून म्हणाल्या, पण विश्वास माझ्यावरच होता.

मंगळवार, १० मार्च
चाचणी. आमच्या विभागात दोन माणसं: एक मी, दुसरी आठ महिन्यांपूर्वी लागलेली इंजिनिअर. तिला मी नवी म्हणतो. नवीने एक प्रोग्राम लिहिलाय, तो पानावर खोट्या माणसांची गर्दी सोडतो. दोनशेच्या आसपास पान आडवं.
माणसं खोटी, म्हणजे निकालही खोटा.
तरी आकडा पंधरा हजार केला. पुन्हा आडवं, आणि तेही दोनशेलाच. सर्व्हर जावात लिहिलेला, आणि जावा ही मुळात आळशी भाषा.
संकल्प: नवीला काही विचारायचं नाही. विचारलं की तिला वाटतं, आपल्याला काहीतरी येतं.

बुधवार, ११ मार्च, दुपारी १२.१५
नवी न विचारताच आली. म्हणाली, सर, रागावू नका, पण तुमची ती ओळ कॉमेंटमध्ये आहे.
मी तिथल्या तिथे सुनावलं की या खोलीत कॉमेंट मारलेली मला चालणार नाही. ती म्हणाली, अहो सर, मी नाही मारली, ती आधीपासूनच आहे. आधीपासून! म्हणजे माझ्या पाठीमागे काय चालतं ते तिच्याच तोंडून बाहेर आलं. कोणी मारली, विचारलं. म्हणाली, ज्यांनी सर्व्हर बनवला त्यांनीच. ते लोक मला ओळखतसुद्धा नाहीत! म्हणाली, सर, दोन खुणा खोडा फक्त, कॉमेंट निघून जाईल. मी म्हणालो, असल्या गोष्टी मी मनाला लावून घेत नाही, राहू दे.
बराच वेळ दारात उभी होती. ओशाळली असणार.

गुरुवार, १२ मार्च
बैठक. संचालकांनी विचारलं, शनिवारचं काम नवीकडे द्यायचं का? मी सांगितलं, आकडा आता पंधरा लाख आहे. संचालक म्हणाले, गावात एवढे डोळे तरी आहेत का हो? सगळे हसले. लेखनिक तर इतका हसला की चष्मा काढून पुसला. या लोकांना दूरदृष्टी नावाची चीज नाही.
बैठकीनंतर फाइलच्या त्याच ओळीत आणखी एक आकडा दिसला: कमीत कमी किती हात कायम तयार ठेवायचे. तिथे चार. भिकारपणा! तिथेही पंधरा लाख टाकले. वाद नको.
नवी काही बोलायला गेली, मी हात वर केला. संचालकांना मेल: क्षमता आणखी वाढवली आहे.

शुक्रवार, १३ मार्च, दुपारी १.४०
डबा खाता खाता सहज इंटरनेटवर बघितलं. कॉमेंट म्हणजे फाइलमधला असा मजकूर, ज्याच्या मागेपुढे विशिष्ट खुणा असतात. सर्व्हर तो वाचत नाही. तो फक्त माणसांसाठी.
म्हणजे सोमवारपासून मी जे काही लिहिलं, ते सर्व्हरने वाचलंच नाही.
मनातून मला हे ठाऊक होतंच. नवीने नीट मराठीत सांगायला हवं होतं. हल्लीच्या शिक्षणात तेवढंच राहून गेलंय.

५.२०
नवी घरी गेल्यावर दोन्ही खुणा खोडल्या. सर्व्हर पहाटे सहाला आपोआप बंद होऊन चालू होतो, तेव्हा नवे आकडे लागू होतील. चाचणी केली नाही. चाचणी ज्यांना स्वतःची खात्री नसते ते करतात.
हिला सांगितलं, दुसऱ्या हॉस्पिटलात तू उगीच शब्द टाकून ठेवलास, तो काढून घे. हिने दोनदा विचारलं, नक्की? नक्की म्हणालो. हिने फोन केला, नाव काढलं.

शनिवार, १४ मार्च, सकाळी ८.०५
पान उघडलं नाही. दुजोरा घरातूनच: हिचा फोन, शेजारणीचा फोन, माझा फोन. सासूबाई साडेसातपासून कागदपत्रं मांडीवर घेऊन बसल्या आहेत. विचारतात, लागला का नंबर? मी म्हणालो, लोड होतंय.

८.४०
नवीचा फोन. म्हणाली, सर, कमीत कमीच्या जागी पंधरा लाख कुणी टाकले? एकही पेशंट यायच्या आधी, सहा वाजताच, मशीन पंधरा लाख हात उभे करायला गेलं आणि तिथेच गोठलं. मी म्हणालो, तूच खुणा खोडायला सांगितल्या होत्यास.  तिने फोन चालूच ठेवून फाइल उघडली. हे सगळं ही ऐकत होती.

संध्याकाळी ६.३०
नवीने आकडा चारशे केला. चारशे! अकरा वाजता पान उघडलं, पण तोवर संचालकांनी यंदाची इंटरनेट नोंदणी रद्द करून टाकली होती. दुसऱ्या हॉस्पिटलातली जागा काल संध्याकाळीच गेली. दुजोरा: ही. ती दुपारपासून माझ्याशी फक्त दुजोऱ्यापुरतं बोलते.
संचालकांची सूचना आली आहे. उद्या रविवारी सकाळी आठपासून खिडकी क्रमांक तीनवर हाताने नोंदणी, जो आधी येईल त्याचा नंबर आधी. वहीत नावं लिहायला बसणार: सर्व्हर विभागप्रमुख. सर्व्हर नवी बघेल.
ही आईला घेऊन पहाटे पाचलाच रांगेत उभी राहणार आहे. ओळखीने आधी नाव लिहिता येईल, असं सुचवून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, नको जावईबापू, तुम्ही मध्ये पडू नका. मग म्हणाल्या, पेन तेवढं आधी चालवून बघा. या वेळी त्यांनी बरोबर माझ्याकडे बघितलं.