आमच्या घरासमोर हॉर्न नाही

पप्पा, परवा रविवारी मी धाकटीकडे माजिवड्याला जेवायला गेले होते. तिच्या टॉवरमध्ये लाईट जात नाही, गेली तरी खाली जनरेटर आहे. तरीही तिची दोन्ही पोरं टीव्ही बंद करून, सोफ्यावर पाय वर घेऊन, डोळे मिटून तुमचा गेम खेळत होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचा चष्मा, तुमची छत्री कुठे गेली ते आता कुणाला ठाऊक नाही, पण हा गेम तेवढा तिच्याकडे राहिला. मी आमटीची वाटी हातात धरून त्यांच्याकडे बघत बसले. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, जळले मी.

डोंबिवलीत तेव्हा दुपारचं लोडशेडिंग असायचं. तुम्ही मानपाड्याच्या रंगाच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून येता, नखांत निळा रंग, आणि हातपाय धुऊन धाकटीबरोबर टीव्हीला गेम लावून बसता. ती जिंकायला आली रे आली की लाईट जाते. ती भोकाड पसरते. आणि तुम्ही म्हणता, "रडतेस काय? लाईट टीव्हीची गेलीय, आपली नाही. चल, डोळे मीट." मग सगळ्या कॅसेटमधले गेम एकत्र ओतायचे. गाडी रेसवाल्या गेममधली, विटांच्या भिंती रणगाड्यांच्या गेममधल्या, बदक हुकलं की खिदळणारा कुत्रा तिसऱ्याच गेममधला. आणि तुमच्या मोबाईलमधल्या सापासारखी ती गाडी एकेक माणूस घेतला की लांब लांब होत जायची. मानपाड्याहून सुटायची, आंबिवलीला आत्याला घ्यायची, माजिवड्याच्या पुलावरून उडी मारायची. स्वतःच्याच शेपटीवर आपटली की आऊट, मग कुत्रा हसणार. कुत्रा तुम्ही व्हायचात. असं हसायचात की आई आतून "अहो, शेजारी काय म्हणतील" म्हणायची आणि स्वतःच हसत सुटायची.

मी खिडकीपाशी, कारण उजेड तिथे. दहावीचं वर्ष, भूमितीचं पुस्तक मांडीवर. गाडी आपल्या बिल्डिंगजवळ आली की तुमचा आवाज खाली यायचा. "शू. इथे हॉर्न नाही. ताईचा अभ्यास चाललाय. वाजवलास तर एक लाईफ कट." आणि गाडी गुपचूप निघून जायची. आंबिवलीची आत्या गाडीत, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला गाडीत, आईसुद्धा पिठाच्या हातांनी गाडीत. शाळेजवळ 'हॉर्न वाजवू नका' अशी पाटी असते ना, तेवढीच त्या गेममध्ये माझी जागा. पाहुण्यांना तुम्ही सांगायचात, मोठी फार हुशार, तिला कुणी हाक मारायची नाही. कौतुकच होतं ते, मला कळत होतं. पण धाकटी गणितात नापास होऊन तुमच्या मांडीवर, आणि मी वर्गात पहिली येऊन खिडकीपाशी. हा कुठला न्याय, पप्पा?

परवाही तोच नियम. तिच्या लेकाने ओठांवर बोट ठेवलं, "शू, मावशीचं घर आलं." मग एक डोळा उघडून मला विचारलं, "मावशी, तू का नाय बसत गाडीत?" धाकटी हसत म्हणाली, "अरे, ती स्कॉलर ना. पप्पांनी तिला घेतलंच नाय कधी." सहज बोलली, तिच्या मनात काही नव्हतं. माझं मात्र डोकं फिरलं. मी वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "घेतलं की. शेवटच्या लेव्हलला. माझी परीक्षा संपते, गाडी उलटी फिरून येते, आणि आपल्या बिल्डिंगखाली एवढा मोठा हॉर्न वाजतो की सगळ्या विटांच्या भिंती पडतात. मग मी पुढच्या सीटवर बसते, पप्पांच्या बाजूला."

पोरं खूश. तोंडाने हॉर्न वाजवत घरभर सुटली. धाकटी भातवाढणी हातात धरून तशीच उभी.

"हे कधी सांगितलं पप्पांनी?"

"असंच. एकदा."

"मला का नाय सांगितलं मग? सगळा गेम तर आम्ही दोघांनी बनवलेला."

तिचा चेहरा असा पडला की मला दया यायला हवी होती. नाही आली. मी आणखी थोडा भात मागून घेतला आणि पोटभर जेवले.

आज सकाळी तिचा फोन आला. "ताई, पप्पा नेमकं काय बोललेले, परत सांग ना. त्यांच्याच शब्दांत सांग." आवाज रडवेला होता. आता तिला खरं सांगून टाक, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही नेहमी तिचीच बाजू घ्यायचात. मी तिला म्हटलं, सांगेन सवडीने. सांगणार नाही. बाकीच्या सगळ्या दुपारी तिच्या आहेत, ही एक माझ्याकडे राहू दे. हे लिहिलेलंही संध्याकाळी फाडून टाकेन, तिच्या हाती लागायला नको. फक्त तुम्हाला म्हणून सांगते, ती लेव्हल मी परवा ताटावर बसून रचलेली नाही. खिडकीपाशी भूमितीचं पान तासन् तास उलटत नव्हतं ना, तेव्हाची आहे. तुमची गाडी गुपचूप पुढे गेली की मी ती मनातल्या मनात मागे वळवायचे आणि तुम्हाला हॉर्न वाजवायला लावायचे.