न उठणारा थ्रेड

१७ फेब्रुवारी १९९८
परत लटकला! सुरतजवळच्या पलसाण्यातल्या कापड रंगवायच्या युनिटसाठी लिहिलेला माझा प्रोग्राम. त्यात एकाच वेळी चालणारे दोन थ्रेड आहेत — एक मशीनमधल्या पाण्याचं तापमान वाचतो, दुसरा ते पडद्यावर दाखवतो. दुसऱ्याने कंडिशन व्हेरिएबलवर झोपून राहायचं, पहिल्याने नवा आकडा ठेवून सिग्नल दिला की उठायचं. एवढंच काम. पण गडी कधी कधी झोपतो तो झोपतोच. कुंभकर्ण परवडला.

१८ फेब्रुवारी
अर्चनाच्या वडिलांची बँकेने नागपूरला बदली केली. सत्तावीसला सगळं घर निघणार, तीही नोकरी सोडणार. दीड वर्षं समोरच्या टेबलावर बसतेय, आणि हे चहा पिता पिता सांगून मोकळी. मी म्हणालो, अरे वा. अरे वा!! गाढव आहे मी.

१९ फेब्रुवारी
विचारू का तिला? तिचे वडील मॅनेजर. माझे वडील गोडादऱ्यात लूम चालवतात, घरात अहिराणी. कुठल्या तोंडाने विचारणार? तिने जराशी खूण केली असती तर गोष्ट वेगळी. दीड वर्षं डोळे लावून बसलोय, काही नाही.

२० फेब्रुवारी
काही सुचलं नाही. गाडीवर गरम लोचो खाल्ला, वर शेव घालून. दोनदा.

२३ फेब्रुवारी
अर्चनाने कोड वाचला आणि पाच मिनिटांत चूक पकडली. मी दुसऱ्या थ्रेडला काही न बघता थेट झोपवत होतो. ती म्हणाली, ‘‘तू झोपायच्या आधीच सिग्नल येऊन गेला असेल तर? तो कुणी जपून ठेवत नाही, ललित. मग बस जन्मभर वाट बघत.’’

एवढं चिडून का बोलली, देव जाणे! प्रोग्राम माझा, लटकतो मला.

पण बरोबर आहे तिचं. आधी आकड्याला कुलूप लावायचं, म्हणजे मध्येच कुणी तो बदलणार नाही, मग बघायचं — नवा आकडा आलाय का? आला असेल तर झोपायचंच नाही. नसेल तरच झोपायचं; झोपताना कुलूप आपोआप सुटतं. आणि उठल्यावरही पुन्हा बघायचं, उगाच कुणी उठवलं असेल तर परत आडवं व्हायचं.

२५ फेब्रुवारी
दोन दिवस एकदाही लटकला नाही! शेठने सगळ्यांना पेढे दिले. अर्चनाने तिचा पेढा माझ्या टेबलावर ठेवला आणि सामान बांधायला घरी गेली. आजचा तिचा शेवटचा दिवस होता. मला रडू येत होतं, मी प्रिंटर दुरुस्त करत बसलो.

२७ फेब्रुवारी, दुपार
आई डाळ निवडता निवडता सहज बोलली, ‘‘तुन्हा हाफिसनी ती पोर संक्रातले येल व्हती, मायबाप संगे. लगीननं इचारत व्हतात. इतली शिकेल पोर आपले कोन देस? माले वाटनं, मस्करी करतस.’’

लग्नाचं विचारून गेले, त्याला दीड महिना झाला. त्यांची गाडी चारची आहे, सव्वातीन वाजलेत. रिक्षा थांबवलीय, आई लुगडं बदलतेय.