नाइट शिफ्टला गोळी नाही

६ ऑगस्ट १९७९, सोमवार
आणि मी म्हणते, त्या शालननं असा काय डोंगर उचललाय? शेजारच्या खोलीत राहते, दोनच पोरं, कंबर अजून नवरीची. आज नळावर सगळ्या बाया तिलाच विचारत होत्या, किती वर्षं पाळणा थांबवायच्या गोळ्या खातेस गं? म्हणे पाच वर्षं, एक दिवस चुकला नाही. मला पाच पोरं, मला कुणी विचारलं नाही. रात्री हे जेवताना म्हणाले, शालनबाई कशी टवटवीत दिसते. यांची भाकरी जाळली.

९ ऑगस्ट
दवाखान्यात जाऊन पाकीट आणलं. नर्सबाईला वय अडतीस सांगितलं. चाळिशी उलटून गेली, पण तिला काय करायचंय? थोरल्या छबूचं लग्न माघात. जावयासमोर पाळणा हलवायची लाज नाही का? नर्सबाई म्हणाली, रोज एक. मी म्हणाले, दहा वर्षं खाणार, शालनच्या दुप्पट. हसली. हसू दे. नळावरही सगळ्यांना दहा वर्षं सांगून आले.

१३ ऑगस्ट
यांना आठवडाभर नाइट शिफ्ट. रात्री माणूसच घरात नाही, मग गोळी कुणासाठी? बंद. शालन रोज खाते, डोकं नाही तिला. माझं पाकीट जास्त टिकणार.

२७ ऑगस्ट
मळमळतं. शालन म्हणते तिला कधी झालं नाही. खोटारडी. वर मला शिकवते, आक्का, संध्याकाळी कंपनीचा भोंगा झाला की घ्यायची, विसरत नाही. भोंगा काय हिच्या बापाचा? मी सकाळी घेते. आठवण झाली तर.

१० सप्टेंबर
पुन्हा नाइट. गोळी बंद. दुपारी पोरं शाळेत, छबू मामाकडं. यांना झोप येईना. चहा केला. दोघंच. शालनबाईचं नाव एकदासुद्धा काढलं नाही यांनी.

२४ ऑक्टोबर
दिवाळी गेली, अजून कावळा शिवला नाही. गोळीचा गुण असेल. नाहीतर वय. लाडवांचा वास सोसवत नाही. डालडाच भेसळीचा.

२ नोव्हेंबर, शुक्रवार
दवाखान्यात गेले. नर्सबाईनं विचारलं, रोज घेता ना? म्हणाले, नाइट शिफ्ट सोडून रोज. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाली, अहो बाई, नाइट शिफ्टचा माणूस दिवसा कुठं असतो?
हे आधी नको सांगायला?
लघवी तपासायला ठेवून घेतली. बाहेर बाकावर शालन बसलेली, पुढचं पाकीट न्यायला. म्हणाली, आक्का, तुमची दहा वर्षं झाली का इतक्यात?
परत आत गेले. नर्सबाईला ठणकावून सांगितलं, बुधवारी छबूच्या सासरची माणसं बस्ता ठरवायला येणार. मंगळवारच्या आत मला जबाब पाहिजे, आहे का नाही. आणि काय असेल ते माझ्या कानात सांगायचं. बाकावर ती बसलेली असताना नाही.