जळकोटच्या विहिरीवर माझी समाधी होऊ नये म्हणून

मी, शरणप्पा शिवलिंगप्पा कलशेट्टी, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, माझी अक्कल जाग्यावर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्कल जाग्यावर आहे हे मुद्दाम लिहितो, कारण माझा पुतण्या शिवप्पा गावभर सांगत फिरतो की काका आता या जगातले राहिले नाहीत, पोचलेले आहेत. मी कुठेही पोचलेलो नाही. मी घरीच आहे.

राहते घर आणि कपाटातली पुस्तके माझी मुलगी महानंदा हिला द्यावीत. ती सोलापूरला नर्स आहे. ही पुस्तके जगातल्या धर्मांच्या इतिहासाची आहेत आणि त्यांच्यापायी मी निम्मे आयुष्य घालवले. कोणता धर्म कुठे निघाला, कसा पसरला, कुणी कुणाचे देव उचलून आपल्यात घेतले, हे वाचण्याचा मला नाद लागला. मौलवींकडून, पाद्र्यांकडून, बौद्ध वस्तीतल्या पोरांकडून, जिथून मिळाली तिथून पुस्तके आणली. पुस्तकांना हळदकुंकू वाहू नये. शिवप्पाने एकदा वाहिले होते, त्यात माझी एक चांगली प्रत वाया गेली.

आता विहीर. सगळे भांडण तिचेच आहे, म्हणून नीट सांगतो. हायवेलगतचे शेत आणि विहीर वाटणीत माझ्या हिश्श्याला आली. तिथल्या लिंबाखाली गारवा असतो, म्हणून मी तिथे बसून मोठ्याने वाचायचो. बहात्तरच्या दुष्काळात शिवारातल्या विहिरी आटल्या, माझी तेवढी टिकली. वडिलांनी खडक फोडून खोल नेली होती आणि खाली झरा लागला होता, एवढेच कारण. पण लोकांनी ठरवले की गुरुजी सगळ्या धर्मांची पोथी वाचतात, म्हणून पाणी आटत नाही. अरे, झऱ्याला काय वाचता येते? पण ऐकतो कोण! तेव्हा मी हसलो, कारण निदान सगळे गाव एका काठावर पाणी शेंदत होते आणि कुणी कुणाची जात विचारत नव्हते.

पुढे माझे ऑपरेशन झाले आणि मी बरेच दिवस महानंदाकडे राहिलो. शेत शिवप्पा बघत होता. परत येऊन बघतो तर लिंबाला घंटा. ती काढली तर झेंडा. झेंडा काढला तर 'चपला बाहेर काढा' अशी पाटी. शेवटी शिवप्पाने तिथे एक माणूस बसवला, आणि आमच्या शेजारच्या सुमनबाई बनसोडे व बौद्ध वस्तीतल्या बायांनी लांब उभे राहायचे, त्याने वरून त्यांच्या घागरीत पाणी ओतायचे, असा रिवाज पडला. मी त्या माणसाला हाकलला. माझी पाठ वळली की तो परत येतो. ही चढण मी अनेक देशांच्या इतिहासात वाचली आहे. माणूस मरतो, त्याच्यावर चौथरा होतो, आणि चौथऱ्याशी कोण किती जवळ येणार हे ठरवणारा कुणीतरी तिथे बसतोच.

शिवप्पाचा विचार मला कळत नाही असे त्याने समजू नये. तो दूध सोसायटीचा चेअरमन आहे, त्याला रोजची गर्दी आवडते. माझ्या तब्येतीची चौकशी करता करता विहिरीजवळची जागा तो पावलांनी मोजतो. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून, बहुधा स्वतःच्या शेतात पुरतात, त्यामुळे त्याला हे फार सोयीचे आहे. मागे नळदुर्गहून फोटोग्राफर आणला आणि मला म्हणतो, "काका, जरा मांडी घाला. आनी डोळे मिटा." मी डोळे मुळीच मिटले नाहीत. फोटोत मी खोकताना आलो आहे आणि तो फोटो मला फार पसंत आहे.

सबब, माझा देह सोलापूरला डॉक्टरी शिकणाऱ्या मुलांना द्यावा. महानंदाने कबूल केले आहे. परंतु देह हाती लागला नाही म्हणून कुठल्याही धर्माचे अडलेले नाही. दात पुजतात, केस पुजतात, पावलाचा ठसा पुजतात. म्हणून माझ्या चपला शेजारच्या शेतातल्या गोरोबा माळ्याने घालाव्यात आणि घालून चिखलात हिंडावे. चष्मा ज्याला लागेल त्याने घ्यावा. काठी मोडून चुलीत घालावी. कवळी महानंदाने स्वतःच्या डोळ्यांदेखत फोडावी, त्यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवू नये.

शेत महानंदाला. विहीर, भोवतालची मोकळी जागा आणि रस्त्यापर्यंतची वाट माझ्या पश्चात सुमनबाई बलभीम बनसोडे यांना द्यावी.

हे शेवटचे वाक्य मी खोडत आहे. कारण, कच्चा मजकूर मी सुमनबाईंना वाचून दाखवला. वाटले, बाई खूश होतील. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "गुरुजी, मेल्यावर देनारे म्या लई बघितले. मागनं तुमचा पुतन्या ह्यो कागद चुलीत घालंल, मंग मी कुनाच्या दारात जाऊ? द्यायची तर जित्तेपनी द्या."

मला राग आला. मग लाज वाटली. जगातल्या सगळ्या धर्मांवर संशय घेतला, पण माझ्या स्वतःच्या कागदावर घ्यावा हे मला सुचले नव्हते. सोमवारी आम्ही दोघे एस.टी.ने तुळजापूरला गेलो आणि विहिरीचे, भोवतालच्या जागेचे आणि वाटेचे बक्षीसपत्र नोंदवून आलो. विहीर आता माझी नाही, त्यामुळे या मृत्युपत्रात ती नाही.

तरीही शिवप्पाला तिथे माझी समाधी बांधायचीच असेल, तर त्याने सुमनबाईंची परवानगी काढावी. काय सांगाल, असे मी त्यांना आधीच विचारून ठेवले आहे. म्हणाल्या, "न्हाय म्हंते की. पन लगीच न्हाय म्हननार. आदी दारात उभा ऱ्हाऊ दे. मीबी लई उभी ऱ्हायले."

वरील मजकूर वाचून, पुन्हा एकदा वाचून, खरा म्हणून सही केली.

शरणप्पा शिवलिंगप्पा कलशेट्टी

आमच्यासमोर सही झाली:
१. तात्याराव श्रीपती जाधव, जळकोट
२. ज्ञानोबा महारुद्र सुरवसे, जळकोट

मुक्काम जळकोट, ता. १९ एप्रिल १९८४