मोकळी फिरणारी मोटार

लकडगंज, नागपूर
दसऱ्यानंतरचा गुरुवार

प्रिय मेघा,

फोनवरच बोलले असते, पण तुझा फोन स्पीकरवर असतो आणि सासूबाई शेजारी बसून ऐकतात, हे मला आता कळलं आहे. म्हणून हे पत्र काजलच्या शाळेतल्या पुष्पलताबाईंच्या हाती देते आहे. शाळेतच वाच आणि त्यांच्याकडेच परत ठेव. घरी नेऊ नकोस.

आधी बाबांच्या वॉटर स्कूटरचं सांगते. ती अजून कुहीकडच्या धरणावरच आहे, आपला चालक केशव तिच्यावरून पर्यटकांना फिरवतो. या पावसाळ्यात तिचा स्टार्टर मंदावला. बटण दाबलं की त्याची छोटी मोटार कण्हायची, अर्धवट फिरून थांबायची, तिसऱ्या वेळी कसंबसं इंजिन लागायचं. बॅटरी नवी घातली, वायरींची टोकं घासली, फरक नाही. केशव म्हणाला, "काकू, नवीन टाका ना. काहून त्या जुन्यात जीव अडकवून राहिल्या?" मी ऐकलं नाही. त्या मोटारीतली तार बाबांनी भरलेली आहे. ते गेल्याला दोन वर्षं झाली, त्यांच्या हातचं आता किती उरलं आहे? आणि त्यांचं बोलणं तुला पाठच आहे, जे उघडता येतं ते सुधारता येतं.

म्हणून मीच उघडली. चौथीत शाळा सुटली तरी बाबांच्या मोटारदुरुस्तीच्या दुकानातल्या रद्दीवर मी वाचायला शिकले, बाबांच्या माहितीपुस्तकातलं इंग्रजीही शब्दकोश घेऊन लावलं. आतले कोळशाचे ब्रश झिजले होते, पाणी अडवणारं रबर कडक झालं होतं. ते सगळं बदललं, तांब्यावरची काजळी पुसली. मग टेबलावर बॅटरी जोडली, आणि मोटार अशी गरगरली की मला रडू आलं. दुकान बाबा असतानासारखं वाटलं.

ते तान्ह्या पोळ्याचे दिवस होते. तू काजलला घेऊन आली होतीस. तिचा लाकडी बैल आपण गल्लीत फिरवला, तिनं घरोघरी खाऊ गोळा केला. तू चार दिवस पोटभर जेवलीस, दुपारी उन्हं कलेपर्यंत झोपलीस, मोटार उघडतानाच्या माझ्या फजितीला हसलीस. मला वाटलं, पोरगी बरी आहे. एवढ्या उकाड्यात तू मनगटापर्यंतच्या बाह्या का घालत होतीस, हे मी विचारलं नाही. खोटं कशाला लिहू, मनात आलं होतं. चौथ्या दिवशी भाजी निवडताना तू म्हणालीस, आई, मी इथंच राहू का? आणि मी तुला बाबांचं तेच वाक्य ऐकवलं. तू मान खाली घालून उरलेली भाजी निवडलीस. ऑटोतून तू हात हलवलास, मीही हलवला.

मोटार बसवली. पंधरा दिवस चालली. मग एका रविवारी मी धरणावर गेले होते. केशवनं एका पाहुण्याच्या मुलीला, काजलएवढीच असेल, पुढे बसवून नेलं. मध्यावर तिला फोटो काढून घ्यायचा होता म्हणून इंजिन बंद केलं, ते पुन्हा लागेचना. केशवचा फोन काठावर राहिलेला. वाऱ्यानं ती दोघं बुडालेल्या झाडांच्या खुंटांकडे सरकत होती. केशवनं दोन्ही हात वर करून हलवले. काठावरच्या आम्ही सगळ्यांनी हसून हात हलवले. मीही. त्या मुलीच्या आईनं तर फोटो काढला. पाऊण तास आम्ही बघत होतो, मेघा. किनारा त्यांना दिसत होता, आम्ही दिसत होतो. शेवटी जाळं टाकणाऱ्या एका ढिवरानं आपला डोंगा तिकडे वळवला. पोर काठावर उतरली तेव्हा तिला धड रडताही येत नव्हतं.

मोटार काढून धोंडबाकडे नेली. बाबांच्या हाताखाली तीस वर्षं काढलेला माणूस. मी त्याला टेबलावर फिरवून दाखवली, म्हटलं, बघा, हिला काय झालं आहे? तो पानाची पिंक टाकून आला आणि म्हणाला, "वहिनी, मोकळी फिरवून काय पाहून राहिल्या? मोकळी तं भंगारातली बी फिरते. तिच्यावर इंजिनाचा भार टाका, मंग समजते." आत गाभाच जळला होता. ब्रश कितीही बदलले असते तरी उपयोग नव्हता. मी विचारलं, पण हे तर म्हणायचे, उघडता येतं ते सुधारता येतं. धोंडबा म्हणाला, "देवरावभाऊ अजून एक म्हणत. जळल्याचा वास आला का हट्ट सोडा. ते घरी सांगतलं नसन."

दुसऱ्या दिवशी मी नवा स्टार्टर घेतला. आणि तिसऱ्या दिवशी तुला न सांगता तुझ्या सासरी, कळमेश्वरला आले. तुझ्या दाराशी आले नाही, शाळेत गेले. पुष्पलताबाईंनी मला सगळं सांगितलं. तुझ्या हातांचंही.

माहेरी चार दिवस तू माझ्या टेबलावर होतीस. तिथं पाहून मी तुला बरी ठरवलं आणि परत पाठवलं. माफी मागायला हे पत्र लिहीत नाही, ती समोर मागेन. सोमवारी अकरा वाजता, काजलला सोडायला येशील तेव्हा, शाळेच्या मागच्या फाटकाशी धोंडबाचा टेंपो उभा असेल, ज्यातून वॉटर स्कूटर नेतो तोच. मी पुढे बसलेली असेन. कपडे, भांडी, दागिने काही घेऊ नकोस. काजलचं दप्तर तेवढं असू दे. दुकानामागची खोली मी रिकामी करून धुतली आहे, जुनी मोटार तिथल्या फळीवर आहे, बाबांची आठवण म्हणून. मला पाहून हात हलवू नकोस. सरळ येऊन बस.

तुझीच,
उशिरा शहाणी झालेली
आई