सव्वा तासाचं अंतर

दि. ३ फेब्रुवारी १९८६, सोमवार. सकाळी ११.२०
सौंसरच्या टपाल ऑफिसात ट्रंककॉलसाठी बाकावर बसून लिहीत आहे. पावणेदोन तास झाले.

१२.०५ — लागला. मुंबईला दादाच्या घरमालकाकडे फोन आहे. वहिनी आली. ती पुण्याची. आवाज नुसता खरखरत होता. मी ओरडून सांगितलं, "बाबा जाऊन राहिले, वहिनी." ती म्हणाली, "खरंच? बरं झालं बाई!" आणि लाइन तुटली.

बरं झालं. माझा बाप चालला आणि हिला बरं झालं.

४ फेब्रुवारी
माझा मित्र, पांढुर्ण्याचा मधुकर, नागपूरला रेल्वे-विमानाच्या तिकिटांच्या दुकानात आहे; आज गावी आला होता. त्याला विचारून लिहून घेतलं. मुंबई–नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर, एक रात्र. विमानाने सव्वा तास. पुढे सौंसरची बस, दोन तास. कसंही मोजलं तरी दादा आज पाचपर्यंत इथे हवा होता.

आई म्हणते, "येईन थो. कामात असन."

बाबांना मी सांगितलं, दादा विमानानं येऊन राहिला.
"किती टाइम लागते?"
"सव्वा तास."
बाबा बराच वेळ दम खात राहिले. मग म्हणाले, "मंग इमान बोरगावच्या बगिच्यात उतरवलं का त्यानं? संत्री खाऊन राहिला काय?"
मी हसलो. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

५ फेब्रुवारी
आला नाही. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस.

वहिनीच्या नावानेच पत्र लिहिलं. "सासरा मरतो म्हणून ज्या बाईला बरं वाटतं, तिने या घराची पायरी पुन्हा चढू नये." शुद्धलेखन दोनदा तपासलं. रजिस्टरी केली, म्हणजे मिळालं नाही असं म्हणता येणार नाही.

६ फेब्रुवारी
दादाचं पत्र आलं. तारीख तीनची.

"श्रावण, तुझा फोन आल्याचं मीनाने सांगितलं. बाबांच्या दुखण्याचं तुझं पत्र वाचल्यापासून घोर लागला होता; बाबा जायचे राहिले हे ऐकून जिवात जीव आला. ती तर चाळभर सांगत फिरली. मार्चमध्ये सुटी मिळेल, तेव्हा येतो."

चार वेळा वाचलं. मी म्हणालो, जाऊन राहिले; आमच्याकडे त्याचा अर्थ, चालले. तिने ऐकलं, जायचे राहिले.

धावत जाऊन तार केली — "वडील अत्यवस्थ. विमानाने निघा." मग रजिस्टरी परत मागितली. कवडू पोस्टमन म्हणाला, "थैली कालच गेली ना भाऊ. आता ते इमानानंही सापडत नाही."

७ फेब्रुवारी, संध्याकाळ ५.४०
दादा आला. बाबांनी ओळखलं, त्याचा हात धरून पडले आहेत. वहिनीने पाटल्या मोडून एकाचं तिकीट काढून दिलं. ती एकटीच घरी आहे. पत्र उद्या मिळेल.